बांध, मानस आणि रापण : गोव्याच्या किनाऱ्यावरील राखणीचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी ह्या परिसरातील दोन पिढ्यांना अक्षरओळख करून दिली. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानासाठी मला पाचारण केल्याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. मराठीच्या प्राध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा नाट्यसंगीतावर बोलावे, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. मी मात्र आज समुद्राविषयी आणि समुद्राच्या काठी राहणाऱ्या माणसांविषयी बोलणार आहे. इतिहास हे माझे अध्यापनाचे क्षेत्र नव्हे. मी ह्या विषयाकडे आलो तो शब्दांच्या वाटेने.

खाजन, मानस, पोंय, रापण, तांडेल, मुंडकार, भाटकार हे शब्द आमच्या लहानपणी घराघरांत बोलले जात. आज वर्गात ते उच्चारले, तर निम्म्या मुलांना अर्थ सांगावा लागतो. शब्द वापरातून जातो तेव्हा बहुधा त्यामागचा एखादा व्यवहार आधीच गेलेला असतो. तो व्यवहार कोणता, तो कोणी मोडला आणि मोडल्यावर काय झाले, हे शोधू लागलो आणि मग जमिनीचे कायदे, मासेमारीचे कायदे, न्यायनिवाडे, जुन्या गावकऱ्यांच्या वह्या असे सर्व वाचणे भाग पडले.

सागरी पर्यावरणाचे संरक्षण हा शब्दप्रयोग अलीकडचा आहे. ‘राखण’ हा शब्द जुना आहे. खाजनाच्या बांधावर राखणदार फिरतो, ही आपल्याकडची श्रद्धा सर्वांना ठाऊक आहे. माझे आजचे प्रतिपादन ह्या एका शब्दाभोवती आहे. किनारा राखला गेला, तो राखणाऱ्याचा त्यावर हक्क होता म्हणून. हक्क आणि राखण ह्यांची जिथे फारकत झाली, तिथे बांध फुटला आणि मासाही आटला. आणि जिथे सरकारने राखण आपल्या हाती घेतली, पण माणसाच्या हक्काची विचारपूस केली नाही, तिथे कायदा कागदावर राहिला.

१. खाजन : समुद्राशी केलेला करार

मांडवी, जुवारी आणि गोव्यातील इतर नद्यांच्या मुखांतून भरतीचे खारे पाणी कित्येक मैल आत शिरते. ह्या नद्यांच्या काठची सखल जमीन भरतीच्या पातळीपेक्षाही खाली आहे. आपल्या पूर्वजांनी तिच्याभोवती चिखल, गवताचा पेंढा, झाडाच्या फांद्या आणि जांभा दगड वापरून बांध घातले आणि ती लागवडीखाली आणली. हीच खाजन जमीन. गोव्यातील खाजनांचे क्षेत्र सुमारे अठरा हजार हेक्टर धरले जाते. एवढ्या लहान प्रदेशाच्या मानाने हे काम किती प्रचंड आहे, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो.

बांधात जागोजाग मानशी बसवलेल्या असत. मानस म्हणजे पाण्याची ये-जा सांभाळणारे दार. तिची लाकडी झडप अशी लावलेली असते की भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने ती मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. पावसाळ्यात आतले गोडे पाणी बाहेर जाते, बाहेरचे खारे आत येत नाही. पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघाले की कोरगुटासारखे खार सोसणारे भात पेरायचे. कापणी झाल्यावर बेताने खारे पाणी आत घ्यायचे. त्याबरोबर कोळंबी आणि मासे येतात, आतल्या पोंयीत वाढतात आणि ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात सापडतात. काही ठिकाणी उन्हाळ्यात मिठागरे चालत. भात, मासा आणि मीठ ही तिन्ही पिके एकाच पाण्याच्या हिशेबावर निघत.

बांधाच्या बाहेरच्या अंगाला खारफुटीची दाट झाडी असे. लाटेचा मार तिच्या मुळ्या खात, म्हणून बांध टिके. ही झाडी मुळासकट तोडायची नसते, हे कोणा वनाधिकाऱ्याने सांगावे लागले नव्हते. ज्याचे भात बांधाच्या आत उभे होते, त्याला ते ठाऊक होते.

ही सारी व्यवस्था चालवणारी संस्था म्हणजे गावकरी. पोर्तुगीजांनी पुढे तिला ‘कोमुनिदाद’ हे नाव दिले. १५२६ साली अफोंसो मेशिया ह्या महसूल अधिकाऱ्याने गावकऱ्यांच्या चालीरीतींची नोंद करून जी सनद सिद्ध केली, तिला ‘फोराल’ म्हणतात. म्हणजे विजेत्यांनाही ही व्यवस्था मोडता आली नाही. त्यांनी ती लिहून घेतली आणि तिच्यामार्फत सारा वसूल केला. दामोदर धर्मानंद कोसंबी ह्या आपल्याच मातीतल्या विद्वानाने ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ ह्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गोव्याच्या जुन्या काबिजादींतील ग्रामसंस्थेवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. ह्या विषयाकडे वळू पाहणाऱ्या तरुणांनी ते अवश्य वाचावे.

गावकरी जमिनीची पावणी करी, मानशीतल्या मासेमारीच्या हक्काची पावणी करी आणि त्या उत्पन्नातून बांधाची दुरुस्ती होई. बांधाला भगदाड पडले तर सर्वांनी धावून जायचे, हा दंडक होता. कारण पाणी आत शिरले की ते कोणाचे शेत कोणते हे विचारत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर आपण भूतकाळाचे पोवाडे गात बसू. गावकरी ही समतेची संस्था नव्हती. गावकार होण्याचा मान ठरावीक कुळांतील पुरुषांनाच होता. बांधावर चिखल वाहणारे, गुडघाभर पाण्यात लावणी करणारे स्त्री-पुरुष बहुतांशी गावकार नव्हते. राखणीचे श्रम एकाचे आणि लाभांश दुसऱ्याचा, अशी तिची रचना होती. पुढे जे घडले, त्याचे बीज ह्या विषमतेत होते.

२. कायदा न्याय्य, परिणाम अनपेक्षित

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६४ साली कूळकायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला जमिनीची मालकी मिळाली. ज्यांच्या घामावर ही शेते उभी होती, त्यांना ती मिळाली. ह्यात न्याय होता आणि त्याविषयी मला किंचितही किंतु नाही.

पण कायद्याने जमिनीचे तुकडे व्यक्तींच्या नावावर केले; बांध मात्र कोणा एकाच्या नावावर करता येण्यासारखा नव्हता. जमीन गेल्यावर गावकरीचे उत्पन्न आटले आणि बांधाविषयीची तिची आस्थाही. बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. काही गावांत त्या संघटनांनी ती उत्तम रीतीने पार पाडली. इतर गावांत मात्र शेती परवडेनाशी झाली, मजुरी वाढली, तरुण मुले बोटीवर आणि आखातात गेली, आणि संघटनेच्या हाती एकच पैसा देणारी वस्तू उरली : मानशीची पावणी.

कोळंबीला परदेशी बाजारपेठ मिळाल्यापासून भातापेक्षा मासा कितीतरी अधिक पैसा देऊ लागला होता. पावणी घेणाऱ्याचा मुक्काम ठरावीक मुदतीपुरता. त्याला पुढच्या वर्षीच्या भाताशी काय कर्तव्य? झडपा हव्या त्याहून अधिक वेळ उघड्या राहू लागल्या, पाण्याचा जोर वाढला, बांधाचा पाया खचू लागला. क्वचित मत्स्यशेतीच्या लोभाने बांध मुद्दाम फोडल्याच्याही तक्रारी झाल्या. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथ यांच्या याचिकेवर निकाल देताना किनारी नियमन क्षेत्रातील व्यापारी कोळंबीशेतीला मनाई केली आणि पारंपरिक पद्धतीला वगळले. हा भेद न्यायालयाला मान्य व्हावा, ही आपल्या खाजनांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट होती.

फुटलेल्या बांधाच्या आत खारे पाणी साचले, भात गेले आणि तिथे खारफुटी उगवली. मग एक विलक्षण पेच निर्माण झाला. खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे; तिला हात लावणे हा गुन्हा. शेतकरी म्हणतो, हे माझे शेत आहे, मला बांध सांधायचा आहे. अधिकारी म्हणतो, हे आता खारफुटीचे वन आहे. दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात. बांधाबाहेरची खारफुटी ही राखण असते. बांधाच्या आतली खारफुटी ही राखण सुटल्याची खूण असते. उपग्रहाच्या छायाचित्रात मात्र दोन्ही सारख्याच हिरव्या दिसतात. भेद सांगू शकतो तो गावातला माणूस, आणि त्याला विचारण्याची सोय आपल्या कायद्यांत फारशी नाही.

३. रापणकारांचा लढा

आता नदीकडून समुद्राकडे वळू. रापण, किंवा आपल्या बोलीत रांपण, हे किनाऱ्यावरून ओढायचे प्रचंड जाळे. होडीतून ते अर्धवर्तुळात समुद्रात सोडायचे आणि दोन्ही टोकांना रांगा लावून वाळूवरून ओढत आणायचे. त्यासाठी तीस, चाळीस, कधी त्याहूनही अधिक माणसे लागत. खारवी, गाबीत, पागी आणि ख्रिस्ती मच्छीमार हे ह्या धंद्यातले मुख्य. मासळीचे वाटे पडत. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसागणिक वाटा. वाटेने जाणाऱ्याने दोरीला हात लावला, तरी त्याच्या पदरात चार बांगडे पडत. मासळी विकण्याचे काम स्त्रियांचे.

ह्या पद्धतीत निसर्गाचाच एक निर्बंध होता. मासा किनाऱ्याजवळ येईल तेव्हाच पकडायचा. त्याच्या पाठीमागे जायचे नाही. पावसाळ्यात दर्या खवळलेला, होडी लोटणे अशक्य. तोच माशांच्या विणीचा काळ. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून हंगाम सुरू व्हायचा. श्रावणात मासे वर्ज्य करण्याचा आचार अनेक घरांत होता. हा धर्म की शास्त्र, हा वाद मी घालत नाही. परिणाम माशाच्या हिताचा होता एवढेच म्हणतो.

साठच्या दशकात सरकारने यांत्रिक ट्रॉलरना कर्ज आणि अनुदान देण्यास आरंभ केला. हे धोरण एकट्या गोव्याचे नव्हते. केरळात पन्नाशीच्या दशकात सुरू झालेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पापासून देशभर यांत्रिकीकरणाची हवा होती, आणि परकीय चलन मिळवून देणारी कोळंबी हे त्याचे लक्ष्य होते. अडचण अशी की कोळंबी किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात असते. खोल समुद्रासाठी म्हणून घेतलेले ट्रॉलर किनाऱ्यालगत फिरू लागले. तळ खरवडून जाणारे त्यांचे जाळे पिल्ले, अंडी, काही म्हणून सोडत नाही. सत्तरच्या दशकात पर्ससीन जाळी आली. ती बांगडा आणि तारली ह्यांचे थवेच्या थवे भर समुद्रात वेढून उचलतात, आणि रापणीचे मासेही नेमके हेच. रापण वाळूवर वाट पाहत राही. मासा तिथवर पोहोचतच नसे.

ह्यातून रापणकारांची संघटना उभी राहिली. तिच्या नेतृत्वात माथानी साल्ढाणा हे नाव अग्रभागी होते. पेशाने ते शिक्षक होते, हे मी ह्या शाळेत आवर्जून सांगतो. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखून ठेवा, ही मुख्य मागणी. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, समुद्रात झटापटी झाल्या. त्या काळी मी नुकताच महाविद्यालयात रुजू झालो होतो. पणजीत मोर्चा येई तेव्हा आमच्या शिक्षक-खोलीत चर्चा व्हायची आणि ती बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरायची : हे लोक प्रगतीच्या आड का येतात? शिकलेल्या माणसांचा हा प्रश्न प्रामाणिक होता. ट्रॉलर म्हणजे विज्ञान आणि रापण म्हणजे अडाणीपणा, असे आम्हाला शिकवले गेले होते.

आज मागे वळून त्या काळची मागणी वाचली, तर काय दिसते? विणीचा काळ सोडा, उथळ पाणी सोडा, बारीक आसाचे जाळे वापरू नका. जी गोष्ट नंतर शास्त्रज्ञांच्या अहवालांत आली, ती वाळूवर उभ्या असलेल्या माणसांनी पोटाच्या काळजीने आधीच मांडली होती. त्यांच्या निवेदनांत जैवविविधता हा शब्द नसेल. तिचा आशय होता.

१९७८ साली मद्रासला देशभरच्या पारंपरिक मच्छीमार संघटनांचा राष्ट्रीय मंच स्थापन झाला. गोव्याचे रापणकार त्याच्या संस्थापकांत होते. पुढे हाच मंच नॅशनल फिशवर्कर्स फोरम म्हणून प्रसिद्धीस आला, आणि १९८९ साली त्याने पूर्व आणि पश्चिम ह्या दोन्ही किनाऱ्यांवरून कन्याकुमारीपर्यंत यात्रा काढली. पाणी राखा, जीव राखा, हा तिचा आशय होता. दरम्यान गोवा, दमण आणि दीवचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० साली संमत झाला. त्याच वर्षी केरळचा आणि पुढच्या वर्षी महाराष्ट्राचा कायदा झाला. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात प्रादेशिक जलक्षेत्रातील पर्ससीनबंदी वैध ठरवली आणि पारंपरिक मच्छीमाराच्या उपजीविकेला महत्त्व दिले.

एवढे मिळूनही रापण वाचली का? अंशतःच. कायदा झाला, पण समुद्रात त्याची अंमलबजावणी करणारी नौका कुठे होती? कित्येक रापणकारांच्या मुलांनी कर्ज काढून यांत्रिक होड्या घेतल्या, काही स्वतः ट्रॉलरमालक झाले. आज गोव्याच्या ट्रॉलरांवर ओडिशा, झारखंड अशा दूरच्या प्रांतांतून आलेले खलाशी काम करतात. ज्या समुद्रावर ते राबतात, त्यावर त्यांचा हक्क नाही. मग त्यांच्याकडून राखणीची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? प्रखर दिव्यांनी मासे खेचून घेणाऱ्या एलईडी मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली. तिच्या उल्लंघनाच्या तक्रारी त्यानंतरही थांबल्या नाहीत. ह्या उलट पश्चिम किनाऱ्यावरची १ जून ते ३१ जुलै ही एकसष्ट दिवसांची पावसाळी बंदी बऱ्याच अंशी पाळली जाते. कारण ती किनाऱ्यावरच्या माणसाच्या मनात कायद्याच्या आधीपासून होती.

४. मालवण : वरून आलेली राखण

आता दुसरे उदाहरण, आपल्या शेजारचे. तेरेखोल ओलांडली की सिंधुदुर्ग जिल्हा. बोली, मासे, देवदेवता, सोयरिकी, सारे सामायिक. १९८७ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारने मालवणच्या समुद्रात सागरी अभयारण्य घोषित केले. क्षेत्र सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटर. त्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड ह्यांच्या भोवतालचे पाणी आले. तिथे प्रवाळ आहेत, समुद्रशैवाले आहेत, नाना जातींचे मासे आहेत. जागेची निवड शास्त्रदृष्ट्या योग्य होती.

पण घोषणा वन्यजीव कायद्याखाली झाली, आणि तो कायदा मुळात जंगलांसाठी घडवलेला. जंगलातल्या माणसाला बाहेर काढण्याची जी रीत, तीच समुद्राला लावली जाईल अशी भीती मच्छीमारांना वाटली. आपण पिढ्यान्‌पिढ्या जिथे रापण ओढली, तिथे उद्या आपणच चोर ठरू, ह्या भावनेने विरोध उभा राहिला आणि तो दशकानुदशके चालला. ज्यांनी अभयारण्याला विरोध केला, तेच मालवणचे पारंपरिक मच्छीमार पर्ससीनविरुद्ध लढत होते. म्हणजे समुद्र राखावा ह्याविषयी वाद नव्हता. कोणी आणि कोणाला विचारून राखावा, हा वाद होता. महाराष्ट्राने २०१६ साली पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, त्यामागे ह्या मच्छीमारांचा रेटा होता. एकाच समुद्रात सरकारचा एक हात त्यांना संशयित ठरवत होता आणि दुसऱ्या हाताला त्यांच्याच मागणीचा आधार घ्यावा लागत होता.

येथे मला मराठीचा विद्यार्थी म्हणून एका जुन्या लेखाची आठवण होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराचे एक प्रकरण आहे. जहाजांना लाकूड हवे, ही राज्याची निकडीची गरज. तरीही तिथे बजावले आहे की आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये. रयतेने ती पोटच्या पोरांप्रमाणे वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन उपयोगाचे नसेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषानेच घ्यावे. बळजबरी सर्वथा नको. ह्या उताऱ्याला आपण पर्यावरणाचा जाहीरनामा म्हणून मिरवतो. मला त्यात त्याहून अधिक काही दिसते. झाड वाचवणे आणि झाड लावणाऱ्याचा मान राखणे ह्या दोन गोष्टी तिथे एकाच वाक्यविचारात आल्या आहेत. शिवाजी महाराजांनी १६६४ साली ज्या सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्याच किल्ल्याभोवतीच्या पाण्याची अधिसूचना काढताना १९८७ साली हे भान राहिले असते, तर पुढचा बराच संघर्ष टळला असता.

ह्या चित्राला दुसरी बाजूही आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावात २००२ पासून कासवांच्या अंड्यांची राखण सुरू झाली, आणि पुढे कासव महोत्सवाच्या निमित्ताने येणारे पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरू लागले. वेंगुर्ल्यात स्त्रियांच्या बचत गटाने कांदळवनातून होडीची सफर चालवली. आपल्या मोरजीच्या किनाऱ्यावर नव्वदच्या दशकात अंडी काढून विकणारे हातच वनखात्याच्या साहाय्याने राखणीला लागले. ह्या सर्व ठिकाणी सूत्र एकच : राखणाऱ्याला राखणीत वाटा मिळाला.

५. किनाऱ्यावर ओढलेली रेषा

१९८१ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवण्यास सांगितले. त्यातून १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना आली. तिच्याशिवाय गोव्याचा किनारा आज कसा दिसला असता, ह्याची कल्पनाही करवत नाही. तिचे ऋण मान्य करूनच पुढचे बोलतो.

रेषा सर्वांना सारखी असते. रेषेवर उभी असलेली माणसे सारखी नसतात. मच्छीमाराचे घर समुद्राजवळ असते, कारण होडी आणि जाळे तिथे असते. ते घर बहुधा भाटकाराच्या माडांच्या बागेत. त्याला संरक्षण देणारा मुंडकार कायदा १९७५ साली झाला, पण कित्येकांची नोंदणी राहून गेली. घर शंभर वर्षांचे आणि कागद एकही नाही. त्याच किनाऱ्यावर हॉटेल उभारणाऱ्याकडे मात्र नकाशे, परवाने आणि वकील असतात. नियम मोडल्याची नोटीस दोघांनाही येते. न्यायालयाची पायरी चढणे एकालाच परवडते. जिथे रापण ओढायची तिथे खुर्च्या आणि छत्र्या मांडल्या गेल्या, आणि जाळे वाळवायला जागा मागणाराच अतिक्रमक वाटू लागला.

२०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतुदी आल्या. खाजन जमिनींना संरक्षण मिळाले; मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथील कासवांच्या किनाऱ्यांचा उल्लेख झाला. मात्र त्या अधिसूचनेनुसार किनारी व्यवस्थापनाचा आराखडा तयार होऊन २०२१ साली जनसुनावणीला आला, तेव्हा लोकांनी नकाशे उघडले आणि विचारले : आमचे खाजन कुठे आहे? ही मानस का दिसत नाही? वाळूचा हा डोंगर कुठे गेला? मच्छीमारांचा वाडा का दाखवला नाही? सुनावणी पुन्हा घ्यावी लागली. तो आराखडा २०२२ साली मंजूर झाला. पण २०१९ ची नवी अधिसूचना तोवर आलेली होती. अधिसूचना बदलली की नकाशेही बदलतात. हे काम पुन्हा पुन्हा होत राहणार आहे.

त्या सुनावणीत मला एक गोष्ट जाणवली. प्रश्न विचारणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे जुना कागद होता, त्यांचे म्हणणे तोलाने ऐकले गेले. ज्यांच्याकडे केवळ आठवण होती, त्यांचे म्हणणे हरकत म्हणून नोंदले गेले.

६. आपल्यापुढचे काम

इतिहासाच्या व्याख्यानाने उपदेश करू नये, असा संकेत आहे. तरीही एक सूचना करतो, कारण ती ह्या शाळेला पेलण्याजोगी आहे.

आपल्या गावागावांत अजून असे वृद्ध आहेत, ज्यांना प्रत्येक मानशीचे नाव सांगता येते. कोणता बांध कोणत्या वर्षी फुटला आणि कोणी सांधला हे आठवते. रापणीचे वाटे कसे पडत हे ठाऊक आहे. काही घरांच्या माळ्यावर पावण्यांचे कागद, गावकरीच्या पावत्या, रापणीच्या हिशेबाच्या वह्या वाळवी खात पडल्या आहेत. मोडी वाचणारे मोजके उरले आहेत, पोर्तुगीज दस्तऐवज वाचणारेही कमीच. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत वकील आहेत, अभियंते आहेत, मोजणीदार आहेत, शिक्षक आहेत. सुट्टीत गावी येणारेही अनेक आहेत. त्यांनी वरच्या वर्गातील मुलांना सोबत घेऊन आपल्या तालुक्यातील खाजनांची, मानशींची आणि रापणीच्या जागांची गावनिहाय नोंद करावी : नाव, जागा, आजची स्थिती, सांगणाऱ्याचे वय आणि उपलब्ध कागदाची प्रत. गावकारांना विचारावे, तसे कुळांनाही विचारावे. तांडेलाला विचारावे, तसे मासळी विकणाऱ्या बाईलाही. जुन्या गावकरीच्या वहीत ज्यांची नावे नव्हती, त्यांची ह्या नव्या वहीत असली पाहिजेत.

ही वही शाळेच्या ग्रंथालयात राहील. पुढच्या वेळी कोणी नकाशा घेऊन आला आणि त्यात मानस दिसली नाही, तर ती कुठे आहे हे दाखवायला आपल्या हाती काही असेल. समुद्राची पातळी चढते आहे, हे शास्त्रज्ञ सांगतात. बांध त्याच्या आधी उंच करावे लागतील. त्यासाठी निधी सरकार देईल, तंत्र अभियंता देईल. पण बांध कुठे होता आणि तो कोणाचा होता, हे गावालाच सांगावे लागेल.